डाव्या काठावरचं घर

ओदील कुठलंही घर बघायला गेली की आधी उंबऱ्यातच थांबायची. डोळे मिटायची आणि लांब श्वास घ्यायची. तोवर तिचा नवरा रेजिस रस्त्याच्या पलीकडे उभा राहून मान वर करून छपराची कौलं बघत असायचा. आणि मी दोघांच्या मागे, हातोडी आणि छिन्नी घेऊन. माझं नाव लाँबेर. मी गिलावा करतो. वीस-बावीस वर्षं त्यांच्याबरोबर घरं बघत फिरलो, म्हणून ही गोष्ट मला ठाऊक आहे. नाहीतर गावात ती दहा तऱ्हांनी सांगतात.

आमचं रुव्हाल म्हणजे व्हेद्र नदीच्या दोन्ही काठांना चिकटून बसलेलं छोटं गाव. पूर्वी इथे लोकरीच्या गिरण्या होत्या, त्यातल्या कामगारांसाठी बांधलेली विटांची अरुंद घरं एकमेकांना खांदे लावून उभी आहेत. गिरण्या गेल्या, घरं राहिली. स्वस्तात घ्यायची, सुधारायची, भाड्याने द्यायची, हा रेजिस आणि ओदीलचा धंदा. सुरुवात एका पडक्या घरापासून झाली, तेव्हा त्यांच्याकडे नीट गाडीसुद्धा नव्हती.

घरं शोधावीत तर ओदीलनेच. दलालाच्या खिडकीत पाटी लागेपर्यंत उशीर झालेला असतो, असं ती म्हणायची. ती पायी फिरायची. कुठल्या दाराची टपालपेटी ओसंडते आहे, कुठली खिडकी भर दुपारी बंद आहे, कुठल्या अंगणात गवत गुडघ्यापर्यंत आलंय, हे बघायची. बेकरीत रांगेत उभी राहून कोणाचं बिनसलंय, कोणाला मुलीकडे राहायला जायचंय, ते ऐकायची. मग एक दिवस दार वाजवायची. गंमत म्हणजे लोक तिला आत घ्यायचे, कॉफी द्यायचे. तिच्या चेहऱ्यात काहीतरी होतं.

आत गेल्यावर काम नाकाचं. "इथे ओल वरून येतेय, पन्हळ फुटलीय," किंवा "ही ओल खालून चढतेय, रेजिस, हे सोड," असं ती कोटही न काढता सांगायची. मी गिलाव्याचा पोपडा काढून बघावं तर बाई बरोबर. मग रेजिस हिशेबाला बसायचा. घराची किंमत, दुरुस्ती, नोटरीचा खर्च, महिन्याचं भाडं, बँकेचा हप्ता जाऊन काय उरतं, हे सगळं तो तोंडी करायचा, खालचा ओठ दाताखाली धरून. त्याचा आकडा चुकलेला मी पाहिला नाही.

ओदीलचा एक नियम होता. घर विकणारा माणूस रडत असेल तर त्या दिवशी भाव बोलायचा नाही.

"पुढच्या आठवड्यात येऊ म्हणे!" रेजिस माझ्याकडे बघून डोळा मारायचा. "पुढच्या आठवड्यात दुसराच कोणी घेऊन बसेल आणि आपण याचे अश्रू पुसत बसू."

"बसू दे," ती म्हणायची. पण तो नियम त्यानेही कधी मोडला नाही, हे मला सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता.

आता पिरोंबाई. लेओंतिन पिरों. गावातल्या शाळेत चाळीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेल्या. मला त्यांनीच अक्षरओळख करून दिली, रेजिसलाही. पण ओदीलचं वेगळं होतं. ती आठ वर्षांची असताना तिची आई गेली. बाप ट्रक चालवायचा, तीन-तीन दिवस घरी नसायचा. बाईंना मूल नव्हतं. शाळा सुटली की ओदील त्यांच्यामागोमाग डाव्या काठावरच्या त्यांच्या घरी जायची, मागच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून अभ्यास करायची आणि जेवूनच निघायची. ते स्वयंपाकघर नदीकडे उघडायचं. लग्न झाल्यावर, केस पिकायला लागल्यावरही ती दर रविवारी तिथे जायची. बाई तिला "पोरी" म्हणायच्या. ओदील पन्नाशीला आली तरी पोरी.

"पोरी, किती घरं झाली गं तुझी आता?"

"मोजत नाही, बाई. रेजिस मोजतो."

"एवढ्या घरांत राहतेस कधी?"

यावर दोघी हसायच्या. हा त्यांचा नेहमीचा विनोद होता.

मग त्या जुलैत पूर आला. आमच्याकडचे लोक त्याबद्दल फारसं बोलत नाहीत, आणि मीही जास्त सांगत नाही. दोन दिवस पाऊस लागला आणि नदी रस्त्यावरून वाहिली. घराघरांच्या तळघरात, घर गरम ठेवायला जाळतात त्या तेलाच्या टाक्या होत्या. त्या उलटल्या, फुटल्या, आणि पाण्यावर तेलाचा थर तरंगत घराघरांत शिरला. पाणी ओसरलं, पण भिंतींनी तेल पिऊन टाकलं. चिखल फावड्याने काढता येतो. विटेत मुरलेलं तेल काढता येत नाही. विटा दिसेपर्यंत भिंत सोलायची, यंत्रं लावून महिनोन् महिने वाळवायची, तरी उन्हाळ्यात ती पुन्हा वास सोडते.

पिरोंबाई तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या. त्या वरच्या मजल्यावर होत्या, म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी होडीतून त्यांना उतरवलं तेव्हा पहिली मिठी ओदीलने मारली. बाई नुसत्या तिच्या जाकिटाची चेन लावत राहिल्या, लहान मुलांची लावतात तशी.

त्यांची भाची मिरेई स्पा नावाच्या गावात राहते. बाई तिच्याकडे गेल्या.

आणि आमच्या गावात लिएज शहरातून, बाहेरून लोक यायला लागले. चकचकीत गाड्या, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या. "रोख पैसे, लगेच सही," अशी पत्रकं चिखलाने भरलेल्या पेट्यांत पडायला लागली. पुराआधीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात लोक घरं देत होते. आमचाही फोन दिवसभर वाजायचा. ओदीलने त्या उन्हाळ्यात एकही घर बघितलं नाही. ती चर्चच्या मागे सूप वाटत होती.

"अगं, आपण नाही घेतलं तर ते लिएजवाले घेतील," रेजिस म्हणायचा. "आपण निदान नीट दुरुस्त तरी करू. इथल्याच माणसाला भाड्याने देऊ."

"सगळं गाव रडतंय, रेजिस. कोणाला भाव सांगू?"

पण ऑक्टोबरात बाईंनीच फोन केला.

त्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. बाई मिरेईबरोबर आल्या होत्या. तळमजल्यावर काही उरलं नव्हतं, फक्त भिंती आणि त्यांच्यावर माझ्या छातीपर्यंत चढलेली काळी-तपकिरी रेघ. घडीच्या खुर्चीवर बाई बसल्या, हातमोजे मांडीवर.

"पोरी, माझं घर बघ."

"बाई, मी तुमचं घर कसं बघू?"

"जसं सगळ्यांचं बघतेस तसं. मला विकायचंय. गवंड्यांच्या मागे धावायचं माझं वय नाही, आणि त्या लिएजच्या माणसाला मी दार उघडणार नाही. त्याने मला 'आजी' म्हटलं."

रेजिस हसला. बाईही जरा हसल्या.

ओदील उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, डोळे मिटले. मी वाट बघत होतो. बराच वेळ ती तशीच उभी. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "लाँबेर, मला तेलाचा वासच येत नाहीये. मला इथे अजून बाईंच्या चिकोरीच्या कॉफीचाच वास येतोय." मला तर तेलाने डोकं दुखायला लागलं होतं.

म्हणून त्या दिवशी घर रेजिसने बघितलं. मी ठिकठिकाणी गिलावा फोडला, त्याने विटेवर बोट घासून हुंगलं, तुळयांमध्ये सुरीचं टोक खुपसून पाहिलं. तो नेहमी असंच बघतो. पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. तो मागच्या खिडकीतून नदीकडे बघत बराच वेळ उभा होता, आणि ओठ दाताखाली गेला नव्हता. हिशेब आधीच झालेला असावा, तसा.

"पंचेचाळीस हजार युरो," तो म्हणाला. "मादाम, पुराआधी तुम्हाला एक लाख चाळीस मिळाले असते, हे मी लपवत नाही. पण या भिंती बघा."

"बघितल्यात. मी त्यांच्यात राहिलेय." बाई ओदीलकडे वळल्या. "माझी एकच अट आहे. घर नीट झालं की मागची खोली मला भाड्याने द्यायची. स्वयंपाकघर होतं ती. वरती तुम्ही कोणालाही ठेवा. लहान मुलं असलेलं कुटुंब ठेवलंत तर बरं. मला आवाज चालतो. स्पाला फार शांत आहे, पोरी. तिथे माणसं दार ओढतानासुद्धा आवाज करत नाहीत."

"तुमची खोली, बाई," ओदील म्हणाली. "भाडंबिडं काही नाही."

"भाडं घ्यायचं. नाहीतर मी येणार नाही."

ओदीलने रेजिसकडे पाहिलं. तो सौद्यात असल्या अटी कधी मानत नसे. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि लगेच नोटरीकडे सह्या करायची तारीखही बोलला. दोन-दोन आठवडे घासाघीस करणारा माणूस! ओदीलला वाटलं, बाईंसाठी त्याचं मन वितळलं. घरी जाताना गाडीत तिने त्याच्या हातावर हात ठेवला. मी मागच्या सीटवरून बघितलं.

काम सुरू झालं. मी आणि माझ्या दोन माणसांनी तळमजला विटांपर्यंत सोलला. वाळवायची यंत्रं दिवसरात्र गुरगुरत राहिली. हिवाळा गेला. बाई दर गुरुवारी ओदीलला फोन करायच्या.

"वाळल्या का गं भिंती?"

"अजून नाही, बाई. घाई केली तर वर्षभरात परत फुगतील."

"फुगू देऊ नकोस. मी थांबते."

ओदीलने त्या खोलीसाठी काय काय केलं! न्हाणीघराला पायरी नको, म्हणून जमीन खाली घेतली. धरायच्या दांड्या बाईंच्या उंचीच्या लावायच्या, म्हणून स्पाला जाऊन त्यांना भिंतीशी उभं करून पेन्सिलने खूण करून आली. फरशीचे चार नमुने पिशवीत घालून घेऊन गेली आणि बाईंनी निवडलेली फिकट हिरवी फरशी मागवली. बेत सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा, की मला आठ वर्षांची ओदील दिसायची.

फक्त रेजिस गिलाव्याला हात लावू देत नव्हता.

"अजून ओल आहे," तो म्हणायचा.

मी ओल मोजायचं यंत्र लावून दाखवलं. "मागची भिंत झालीय रे. मी उद्या सुरू करतो."

"थांब म्हणतोय ना. इथे आत्ता जास्तीचा पैसा घालायचा नाही."

उन्हाळ्यात मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. फरशीचे खोके माझ्या शेडमध्ये पडून राहिले. ओदील म्हणाली, तो सावध आहे, बाईंच्या खोलीत चूक नको म्हणून. मी मान हलवली. माझ्या मनात काय होतं ते मलाही नीट कळत नव्हतं.

पुराला सव्वा वर्ष झालं तेव्हा नगरपालिकेने गावाची सभा बोलावली. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. अर्धं गाव आलं. पिरोंबाईसुद्धा मिरेईचा हात धरून आल्या, निळा कोट घालून, आणि पहिल्या रांगेत बसल्या. ओदील त्यांच्या शेजारी. रेजिस मागे भिंतीला टेकून उभा होता.

पडद्यावर नकाशा आला. बाहेरून आलेल्या एका तरुण अधिकारी बाईने समजावून सांगितलं. नदीला पसरायला जागा द्यायची आहे. डाव्या काठावरची पुलापासून वळणापर्यंतची घरं सरकार विकत घेणार आणि पाडणार. तिथे गवताचा उतार होईल. मालकांवर अन्याय होऊ नये म्हणून किंमत पुराआधीच्या भावाने मिळेल.

नकाशावर ती घरं लाल रंगवली होती. बाईंचं घर पुलापासून चौथं.

सभागृहात आधी कुजबुज झाली, मग आरडाओरडा. कोणी टाळ्याही वाजवल्या. ज्यांच्याकडे अजून घरं होती त्यांचं नशीब उघडलं होतं. ओदीलने बाईंचा हात धरला होता, आणि ती नकाशाकडे असं बघत होती, जसं काही वाचता येत नाहीये.

सभा संपल्यावर लोक दाराशी घोळक्याने उभे होते. तिथे बोद्सों आला. हा म्हातारा मोजणीदार, जमिनींची मापं काढण्यात आयुष्य गेलेला. एक-दोन ग्लास घेतलेले असावेत. त्याने रेजिसच्या पाठीवर थाप मारली.

"काय रे कोल्ह्या! सांगितलं होतं की नाही, डाव्या काठाला हात घाल म्हणून? एक बाटली तरी पाज आता!"

रेजिसचा चेहरा पांढरा पडला. ओदील आणि बाई तिथेच होत्या, दोन हातांवर.

"कधी सांगितलं होतंत?" ओदीलने विचारलं.

"हं?" बोद्सों तिच्याकडे बघून हसला. त्याला काहीच कळलं नव्हतं. "पूर ओसरल्यावर, त्याच ऑगस्टात. मापं घ्यायला आम्हीच गेलो होतो ना. नवऱ्याने सांगितलं नाही? नशीबवान आहेस, बाई!"

मिरेईने मावशीला जवळ ओढलं. बाईंनी तिचा हात बाजूला केला आणि ओदीलसमोर उभ्या राहिल्या.

"तुला माहीत होतं?"

"नाही, बाई. देवाशपथ नाही."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या शाळेत आम्ही सगळे शिकलो. ते 'बरं' आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं होतं. गृहपाठाची वही घरी राहिली असं सांगितलं की बाई ओरडायच्या नाहीत, मारायच्या नाहीत. फक्त 'बरं' म्हणायच्या आणि पुढच्या बाकाकडे जायच्या.

घरी जाताना मी त्यांच्याच व्हॅनमध्ये मागे, बादल्यांच्या मध्ये बसलो होतो. उतरून पायी जावं असं वाटत होतं, पण गाडी सुरू झाली होती.

"तू मला सांगितलं नाहीस," ओदील म्हणाली.

"काय सांगायचं? एका पिणाऱ्या माणसाची बडबड? नकाशा दहा वेळा बदलू शकला असता. तसं झालं असतं तर ती तेल प्यायलेली भिंत माझ्याच गळ्यात होती. जोखीम मी घेतली."

"बाईंच्या घरावर."

"तिने मागितलं होतं, ओदील. तिने स्वतः बोलावलं. मी तिला फसवलं नाही, त्या दिवशी बाजारात तोच भाव होता. लाँबेर, सांग, होता की नाही?"

मी बादल्या सावरत बसलो.

"मला सांगितलं असतंस तर?" ती म्हणाली.

"तर तू तिला सांगितलं असतंस."

"हो."

"म्हणूनच."

व्हॅन पुलावरून गेली. थोड्या वेळाने ती म्हणाली, आवाज अगदी साधा होता, "आणि ती खोली? त्या दांड्या, ती फरशी? मी पेन्सिलने त्यांची उंची घेऊन आले, रेजिस. तू समोर बसून जेवत होतास."

रेजिसच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला आरशात दिसलं. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्याने त्या खोलीचा विचार खोली म्हणून केलाच नव्हता.

ओदीलने दुसऱ्या दिवसापासून बाईंना फोन लावायला सुरुवात केली. मिरेई उचलायची. मावशी झोपलीय, मावशी बागेत आहे, मावशीला बरं नाही. गुरुवार आला आणि गेला. सरकारचे पैसे येईपर्यंत वसंत आला. पंचेचाळीस हजारांच्या वरचे सगळे पैसे बाईंना द्यायचे, असं ओदीलने नवऱ्याला सांगितलं. तो तासभर भांडला, अर्धे देऊ म्हणाला, आणि शेवटी "तुला हवं ते कर" म्हणून बाहेर गेला. ती स्पाला निघाली. गाडी मी चालवली.

मिरेईने दार उघडलं, बाजूला झाली. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले, ब्लाउजला पिन लावलेली. ओदील धावतच पुढे गेली.

"बाई—"

"या," बाई म्हणाल्या. "बसा."

ओदील होती तिथेच थांबली.

"मिरेई, पाहुण्यांना कॉफी दे. प्रवास ठीक झाला ना तुमचा? रस्त्याचं काम चालू आहे म्हणतात."

"बाई, मी आहे. ओदील."

"हो, हो. ओळखलं ना. बसा, मादाम."

मला आधी वाटलं, वय झालंय, विसरल्या असतील. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "लाँबेर, तुझी कंबर कशी आहे रे आता?" त्या काहीही विसरल्या नव्हत्या.

ओदील खुर्चीच्या काठावर बसली. तिने सगळं सांगितलं. तिला माहीत नव्हतं, पैसे आले आहेत, ते बाईंचेच आहेत, नोटरीशी बोलून झालंय, फक्त एक सही हवी. बाई मान किंचित कलती करून शेवटपर्यंत ऐकत होत्या, बँकेतला माणूस बोलत असताना ऐकावं तसं.

"तुमची आभारी आहे," त्या म्हणाल्या. "पण माझा व्यवहार पूर्ण झालेला आहे. मी सही केली, मला ठरलेले पैसे मिळाले. कोणी कोणाचं देणं लागत नाही."

"बाई, तुम्ही माझ्यावर ओरडा. काय वाटेल ते बोला. पण असं बोलू नका हो माझ्याशी."

कॉफी आली. मिरेईने पाहुण्यांचे सोनेरी कडांचे कप काढले होते. बाईंनी साखरेचं भांडं तिच्या पुढे सरकवलं.

"तुम्ही साखर घेता?"

चाळीस वर्षं त्यांनी तिच्या कॉफीत स्वतः दोन खडे टाकले होते. ओदीलने भांड्याकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि तिचा चेहरा असा फुटला की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. ती आवाज न करता रडत होती. बाईंचा हात टेबलावर होता. तो एकदा उचलला गेला, मी पाहिलं, आणि परत होता तिथेच ठेवला गेला.

"थंड होतेय," बाई म्हणाल्या.

परतताना ओदीलने मला घाटातल्या वळणावर गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरली, रस्त्याकडेच्या दगडावर बसली. मी शेजारी उभा राहिलो.

"मी खरं बोलतेय, हे त्यांना कळतं का रे?"

"कळत असेल," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं. "पण त्यांनी करायचं तरी काय? रागवायला रेजिस त्यांचा कोण? राग धरायला त्यांच्याजवळ तूच आहेस."

तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

घरं जूनमध्ये पाडली. मोठं यंत्र आलं आणि चौथं घर दुपारच्या जेवणाआधी संपलं. ओदील पुलावर उभी होती. काही बाया तिला बघून मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. गावाने ठरवून टाकलं होतं की नवराबायकोने मिळून म्हातारीला लुटलं, ती आत मऊ बोलायची आणि हा बाहेर भाव करायचा, हा त्यांचा जुना डावच होता. पूर्वी ज्यांनी तिला कॉफी पाजून घर विकलं होतं, तेही आता म्हणायला लागले की आम्हालासुद्धा असंच गुंडाळलं असेल. यातलं एकही अक्षर खरं नाही. मी जिथे जातो तिथे सांगतो. लोक ऐकून घेतात आणि म्हणतात, तू त्यांचाच माणूस ना!

त्या उन्हाळ्यातच ती रेजिसपासून वेगळी झाली. भांडण नाही, वकील नाही. शेजारच्या दिझों गावात, त्यांच्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. बाईंच्या नावाचे पैसे तिने नोटरीकडे ठेवले, बाईंनी त्यांना हात लावला नाही. घरं बघणं तिने सोडलं. रेजिस एकटा एक-दोन ठिकाणी गेला, मला घेऊन. दाराशी जाऊन तो थांबायचा, जसं काही कोणीतरी आधी आत जाणार आहे. मग म्हणायचा, "जाऊ दे, परत कधीतरी." नवीन घर त्याने घेतलंच नाही.

पुढच्या फेब्रुवारीत पिरोंबाई गेल्या, फुप्फुसात पाणी होऊन. मिरेईने सगळ्यांना कळवलं, ओदीलला नाही. तिला मी सांगितलं.

चर्च भरलं होतं. किती वर्षांचे विद्यार्थी, काही तर स्वतःच काठी टेकत आलेले. ओदील शेवटच्या रांगेत खांबाआड बसली. पुढे कुटुंबासाठी ठेवलेल्या जागा अर्ध्याअधिक रिकाम्या होत्या. बाईंचं फारसं कोणी नव्हतंच. मी मिरेईजवळ जाऊन विचारलं, तिला बोलावू का पुढे? मिरेईने विचार केला. वाईट बाई नाही तीही.

"मावशीने शेवटी काही म्हटलं असतं तर बोलावलं असतं," ती म्हणाली. "पण ती तिच्याबद्दल काहीच बोलली नाही, लाँबेर. मी विचारलंसुद्धा होतं."

हे मी ओदीलला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

दफनानंतर चर्चच्या सभाखोलीत कॉफी आणि तांदळाची खीर भरून भाजलेली गोड तार्त होती. ओदील आत यायला तयार नव्हती, मी तिला दंडाला धरून आणली. लोकांनी जरा जागा करून दिली, म्हणजे सरकून लांब झाले. ती टेबलाच्या कोपऱ्याशी उभी राहिली. रेजिसही आला होता, पण बाहेर अंगणात थंडीत उभा होता, टोपी हातात, आत यावं की नाही हे न कळून. खिडकीतून दिसत होता.

ओदीलने त्याला बराच वेळ बघितलं. मग एक कप भरला, वर बशी झाकली, आणि दार उघडून बाहेर गेली. तिने कप त्याच्या हातात दिला. तो काहीतरी म्हणाला. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आतून कळलं नाही. त्याची कॉफी पिऊन होईपर्यंत ती त्याच्या शेजारी उभी राहिली. दोघंही कबरस्तानाकडे बघत होते. मग रिकामा कप घेऊन ती आत आली, तो नळाखाली धुतला, पुसला, बाकीच्या कपांबरोबर ठेवला, आणि बसच्या थांब्याकडे एकटीच चालत गेली.